सवलत नेमकी कोणाच्या खिशातून?
अमेरिकेतील कूपनचा हिशेब आणि आपल्या दुकानदारांसाठी धडा

किराणा बाजारात स्वस्ताई कधी आपोआप येत नाही. एखादी वस्तू दोन रुपयांनी स्वस्त मिळाली तर ते दोन रुपये कोणीतरी सोडलेले असतात. कधी ते कारखानदार सोडतो, कधी दुकानदार. ग्राहकाला हा फरक कळला नाही तरी त्याचे फारसे बिघडत नाही. दुकानदाराला कळला नाही तर मात्र वर्षाअखेर त्याचा गल्ला रिकामा होतो. ही गोष्ट समजून घेण्यासाठी अमेरिकेतील कूपनची पद्धत पाहण्यासारखी आहे.

अमेरिकेत कूपनची प्रथा जुनी आहे. कोका-कोलाने 1887 साली मोफत पेल्याच्या चिठ्ठ्या वाटल्या, तेथून तिची सुरुवात मानली जाते. 1930 च्या मंदीत घरखर्च भागवण्यासाठी सामान्य कुटुंबे कूपन कापून ठेवू लागली. पुढे रविवारच्या वर्तमानपत्रांतून कूपनच्या पुरवण्या घरोघर जाऊ लागल्या. आता कागदी कूपन कमी झाली असून मोबाईलवरील कूपन वाढली आहेत, पण हिशेब तोच आहे.

दोन सवलती एकत्र कशा?

तेथील जाणकार गृहिणी कूपन हातात आले म्हणून लगेच बाजारात धावत नाही. ती कूपन जपून ठेवते आणि तीच वस्तू दुकानाच्या सेलमध्ये येण्याची वाट पाहते. नेहमीच्या वापराच्या बऱ्याच वस्तू काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा सेलमध्ये येतात, हे तिला अनुभवाने ठाऊक असते.

एक उदाहरण घेऊ. कपडे धुण्याच्या पावडरीची किंमत 12 डॉलर आहे. सेलमध्ये ती 9 डॉलरला मिळते. गृहिणीजवळ कंपनीचे 2 डॉलरचे आणि दुकानाचे 1 डॉलरचे कूपन आहे. दुकानाचा नियम परवानगी देत असेल तर ती दोन्ही कूपन लावते आणि 6 डॉलर मोजते. वस्तू निम्म्या किमतीत घरी आली.

मग दुकानदार बुडाला काय? नाही. कंपनीचे कूपन तो कंपनीकडे पाठवतो आणि त्याचे 2 डॉलर परत मिळवतो. कूपन हाताळण्याच्या खर्चापोटी प्रत्येक कूपनमागे साधारण 8 सेंट वेगळे मिळतात. म्हणजे त्याच्या हाती एकूण 8 डॉलर 8 सेंट येतात. सेलचे 3 डॉलर आणि स्वतःच्या कूपनचा 1 डॉलर त्याने सोडलेला असतो, आणि सेलच्या सवलतीतही पुष्कळदा कंपनीचा वाटा असतो. एकाच वस्तूवर दोन सवलती चालतात, कारण त्या दोन वेगवेगळ्या खिशांतून येतात.

तेथील करखातेही हा भेद मानते. न्यूयॉर्क व कॅलिफोर्निया या राज्यांत दुकानाच्या कूपनची रक्कम वजा करून विक्रीकर लागतो, पण कंपनीच्या कूपनची रक्कम वजा होत नाही, कारण ती दुकानदाराला मिळणारच असते. वरच्या उदाहरणात कर 6 डॉलरवर नव्हे, 8 डॉलरवर बसेल.

धोका कोठे आहे?

कूपनवर वस्तूचे नाव, वजन, मुदत आणि किती नगांना सवलत हे छापलेले असते. यातील एक अट चुकली तरी कंपनी पैसे नाकारू शकते. बनावट कूपनचे तर काहीच मिळत नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया बीच शहरातील एका महिलेला 2021 साली बनावट कूपन छापल्याबद्दल 12 वर्षांची कैद झाली. त्या प्रकरणात दुकाने व कंपन्यांचे 3 कोटी 10 लाख डॉलरहून अधिक नुकसान झाले. गल्ल्यावर बसणाऱ्याची नजर किती तयार असावी लागते, हे यावरून कळते.

आपल्या बाजारात काय घ्यावे?

आपल्याकडे कागदी कूपनचा प्रसार तेवढा नाही. पण 'एकावर एक मोफत', जादा वजनाचा पुडा, पेट्यांवरची स्कीम हे सर्व आपल्या दुकानदारांच्या रोजच्या परिचयाचे आहे. छापील किमतीपेक्षा जास्त घेण्यास कायद्याने मनाई आहे, कमी घेण्यास नाही. मोठी दुकाने याच जागेचा फायदा घेतात. लहान दुकानदाराने त्यांच्याशी आंधळी चढाओढ करू नये. त्याऐवजी पुढील गोष्टी कराव्यात.

पहिली, वहीत दोन वेगळी पाने ठेवावीत. एका पानावर कंपनीने दिलेली सूट, दुसऱ्यावर आपण पदरची दिलेली सूट. कंपनीकडून येणे असलेला क्लेम तारखेसह लिहावा आणि डिस्ट्रिब्युटरकडून त्याची पोच घ्यावी. तोंडी कबुलीवर माल स्वस्त विकू नये.

दुसरी, 10 पेट्यांवर 1 मोफत अशी स्कीम असेल तर माल सुमारे 9 टक्के स्वस्त पडतो. एकट्याला 10 पेट्या झेपत नसतील तर एका मोहल्ल्यातील तीन-चार दुकानदारांनी मिळून माल उचलावा. मात्र प्रत्येकाच्या वाट्याचा माल आणि पैसा आधीच कागदावर ठरवावा.

तिसरी, आपण दिलेली सूट बिलावर स्पष्ट लिहावी. विक्रीच्या वेळी दिलेली व बिलात दाखवलेली सूट जीएसटीच्या करपात्र रकमेतून वगळली जाते. न लिहिलेल्या सुटीचा लाभ मिळत नाही.

कारागिराच्या घरासाठी

या पद्धतीची एक कडू बाजूही आहे. सेलमध्ये साठा करण्यासाठी हाती रोख पैसा लागतो. भिवंडी किंवा मालेगावच्या यंत्रमागावर आठवड्याच्या मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाकडे तो नसतो. ते लहान पुडी घेते, उधारीवर घेते, आणि म्हणून बहुधा महाग घेते. अशा घराने दर आठवड्याला थोडी रक्कम केवळ किराण्याच्या साठ्यासाठी बाजूला काढावी. रमजानपूर्वी बेसन, साखर, तेल यांची मागणी वाढते. ही खरेदी महिनाभर आधी, सवलत दिसेल तेव्हा थोडी थोडी करावी. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून मोठा डबा घेतला तरी चालेल.

खरेदीपूर्वी 100 ग्रॅमचा दर काढावा. 500 ग्रॅमचा पुडा 140 रुपयांना असेल तर 100 ग्रॅमला 28 रुपये पडतात. 200 ग्रॅमचा 60 रुपयांचा पुडा सवलतीत 50 रुपयांना मिळाला तर 25 रुपयेच पडतात. मोठा पुडा नेहमीच स्वस्त, हा समज येथे खोटा ठरतो. आणि जी वस्तू घरात लागतच नाही, ती निम्म्या किमतीतही महागच.

तेव्हा व्यापारी बांधवांनी यापुढे कोणतीही सवलत जाहीर करण्यापूर्वी ती कोणाच्या खिशातून जाते, हे वहीत लिहून पाहावे. ग्राहकाला स्वस्त देणे चांगलेच आहे. पण जे दुकान हिशेबाने स्वस्त देते, तेच पुढच्या वर्षीही ग्राहकाच्या सेवेला उभे असते.