सोड्याच्या बाटलीत घरची बिअर

गोटी सोडा ज्यांनी प्यायला आहे, त्यांना बाटलीतला दाब म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. गोटी आत ढकलली की होणारा तो आवाजच सगळे सांगून जातो. हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाने १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या या बाटलीला वेगळे बूच नसतेच. आतला वायूच गोटीला गळ्याशी दाबून धरतो. आज मी याच दाबाविषयी बोलणार आहे. पण बाटली काचेची नाही, प्लास्टिकची आहे आणि तिचे ठिकाण आहे ब्रिटनमधले स्वयंपाकघर.

ब्रिटनमध्ये घरी बिअर करणे हा लोणची-मुरंब्यांसारखाच एक घरगुती छंद आहे. १८८० पासून त्यासाठी परवाना लागत असे. १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली आणि घरोघरी बादल्या मांडल्या गेल्या. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये तशाच कायद्यावर सही केली. मात्र घरी केलेली बिअर स्वतःच्या घरापुरती. विकायची तर परवाना हवाच. आपल्या महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून बिअर तयार करणे हा गुन्हा आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. तेव्हा ही पाककृती नव्हे. ही एका बाटलीची गोष्ट आहे.

ब्रिटनमधला नेहमीचा घाणा ४० पाइंटांचा, म्हणजे सुमारे २३ लिटरचा. मोड आणून वाळवलेल्या सातूचा, म्हणजे माल्टचा अर्क, हॉप्स नावाची कडवट फुले, पाणी आणि यीस्ट. आठ-दहा दिवसांत यीस्ट साखर खाऊन टाकते आणि बिअर तयार होते. पण ती निवळ, बिनफेसाची असते. फेस आणायचा तो बाटलीत. त्यासाठी लिटरमागे साधारण ६ ग्रॅम साखर घालून बूच घट्ट लावतात. उरलेले यीस्ट ही साखर खाते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि बाहेर जायला वाट नसल्यामुळे तो वायू बिअरमध्ये विरघळतो. दोन आठवड्यांनंतर बाटलीतला दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या जवळपास पोचतो.

आता २३ लिटर भरायला अर्ध्या लिटरच्या ४६ बाटल्या लागतात. त्या आणायच्या कुठून? याचे उत्तर बहुतेक घरांत कचऱ्याच्या डब्यातच असते. कोला, लेमोनेड, सोडावॉटर यांच्या रिकाम्या बाटल्या! शीतपेयात बिअरपेक्षा जास्त वायू असतो. म्हणजे ही बाटली टायरच्या दीड-दोनपट दाब सोसायलाच जन्माला आलेली असते.

तिच्या जन्माची कथाही ऐकण्याजोगी आहे. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत नॅथॅनिएल वायथ नावाचे अभियंते होते. प्रसिद्ध चित्रकार अँड्र्यू वायथ यांचे ते भाऊ. प्लास्टिकच्या बाटलीत सोडा का भरत नाहीत, हे पाहण्यासाठी त्यांनी साबणाच्या द्रावणाची प्लास्टिकची बाटली रिकामी करून तीत आल्याचे फसफसते पेय भरले आणि ती फ्रिजमध्ये ठेवली. पुढे पाहतात तो बाटली फुगून टम्म झालेली! पुष्कळ खटपटीनंतर त्यांनी पेट या प्लास्टिकची बाटली तयार केली. तिचे पेटंट १९७३ चे. युक्ती अशी, की परीक्षानळीसारखी दिसणारी जाड नळी तापवायची, आतून काठीने उभी ताणायची आणि त्याच वेळी हवेने फुगवायची. दोन्ही दिशांना ताण बसल्यामुळे आतले लांबलचक रेणू विणल्यासारखे बसतात आणि कागदासारखी पातळ भिंतही दाब सोसते.

पण प्लास्टिकची प्रत्येक बाटली अशी नसते. नवशिक्यांची चूक इथेच होते. साध्या पाण्याची बाटली दिसायला तशीच असली तरी ती दाबासाठी केलेली नसते. बाटली उलटी करून तळ पाहावा. सोड्याच्या बाटलीला बहुधा पाच फुगीर पाय असतात, कारण गोल फुगवटा दाब सारखा वाटून घेतो. पाण्याच्या बाटलीचा तळ बहुधा सपाट किंवा नुसता रेघांचा असतो. तीत आंबते पेय कोंडले तर तळ बाहेर येतो, बाटली कलंडते आणि कधी फुटतेही. दुधाचे डबे, तेलाच्या बाटल्या, सरबताच्या बाटल्या यांनाही हाच नियम लागू.

बुचाकडे आपण कधी नीट पाहत नाही. सोड्याच्या बाटलीच्या गळ्यावरचे आटे पाहिले, तर ते मधूनमधून उभे कापलेले दिसतात. ही चूक नव्हे. बूच सैल करताच त्या फटींतून वायू निसटतो आणि तोवर उरलेले आटे बुचाला धरून ठेवतात. या फटी नसत्या तर बूच तोंडावर उडाले असते. बुचाच्या आत मऊ चकती किंवा पातळ कडा असते, तीच वायू अडवते. बूच पुन्हा वापरता येते, पण चकती चेपली किंवा आटे झिजले की ते टाकून द्यावे. परीक्षा सोपी आहे. बाटलीत पाणी भरा, बूच लावा, उलटी धरून जोरात दाबा. थेंब आला तर बूच बाद. शिवाय बाटल्यांचे गळे दोन-तीन प्रकारचे असतात, उंच आणि आखूड. म्हणून ज्या बाटलीचे बूच त्याच बाटलीला लावावे.

धुण्यातही पथ्य आहे. पेट साधारण ७० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते, म्हणून उकळते पाणी वर्ज्य; कोमट पाणी वापरावे. बाटली रिकामी होताच विसळावी, तळाचा यीस्टचा गाळ वाळू देऊ नये. ब्रशने घासू नये, कारण ओरखड्यांत जंतू दडतात आणि मग कोणताही निर्जंतुक द्रव तिथवर पोचत नाही. संत्र्याच्या किंवा मसालेदार पेयाचा वास प्लास्टिकमध्ये आणि बुचात मुरतो, तो जात नाही. अशी बाटली घेऊच नये.

काचेच्या मानाने प्लास्टिकची दोन उणी आहेत. पेटमधून वायू अगदी हळूहळू झिरपतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर आणि ऑक्सिजन आत. म्हणून अशी बिअर वर्षभर साठवायची नसते, काही महिन्यांत संपवायची असते. दुसरे म्हणजे पारदर्शक बाटलीतून उजेड शिरतो, हॉप्समधली द्रव्ये मोडतात आणि बिअरला उग्र घाण वास येतो. म्हणून बाटल्या अंधाऱ्या खोक्यात ठेवतात.

पण एका बाबतीत प्लास्टिक काचेच्या पुढे आहे, आणि ती बाब जिवाशी संबंधित आहे. काच आतले काही सांगत नाही. साखर जास्त पडली, किंवा आंबण्याचे काम अर्धवट असतानाच बिअर भरली, तर दाब वाढत जातो आणि एके दिवशी कपाटात स्फोट होतो. काचेचे तुकडे खोलीभर उडतात. डोळा जाऊ शकतो. हिशेब करून पाहा. लिटरमागे ४ ग्रॅम साखर बिअरच्या आकारमानाइतका वायू देते. १० ग्रॅम साखर चुकून शिल्लक राहिली तर त्यात अडीचपट आणखी भर! प्लास्टिकची बाटली मात्र बोटाला सांगते. काही जण बूच लावण्याआधी बाटली चेपून आतली हवा काढतात. चेपलेली बाटली आठवडाभरात पुन्हा भरून येते आणि न उघडलेल्या सोड्याच्या बाटलीइतकी कडक होते. तेवढे झाले की पुरे. त्याहून कडक, तळ बाहेर आलेली दिसली, तर ती थंडगार करावी, वर जाड फडके टाकावे आणि बूच थोडे थोडे सैल करावे. प्लास्टिकही फुटते, फक्त आधी बजावून फुटते.

आपल्याकडेही आता कोम्बुचासारखी आंबवलेली पेये घरी करून बाटलीत भरण्याची आवड वाढली आहे. तिथेही यीस्ट तेच, वायू तोच आणि नियमही तेच. नक्षीदार काचेच्या बाटलीपेक्षा सोड्याची जुनी बाटली अशा वेळी अधिक भरवशाची.

चरे पडले, गळा वाकडा झाला, भिंत पांढुरकी दिसू लागली, की मात्र बाटलीला निरोप द्यावा. तिचे मोल तेव्हाही संपत नाही. बाटली पेटची असते, बूच वेगळ्या प्लास्टिकचे. दोन्हींचे तुकडे बादलीभर पाण्यात टाका. पेट बुडते, बूच तरंगते. पुनर्वापराच्या कारखान्यात त्यांना याच गुणावर वेगळे करतात. भंगारवाल्याच्या पोत्यात जाण्याआधी त्या बाटलीने दहा-बारा खेपा केल्या असतील, तर तेवढ्या नव्या बाटल्या विकत घ्याव्या लागल्या नाहीत. फक्त दर खेपेला तिला एकदा हाताने दाबून पाहायचे, एवढीच अट.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)