आधी सायकलीची वाट, मग मोटारीचा रस्ता

सार्वजनिक पैसा कोणासाठी खर्च होतो, हे अंदाजपत्रकाच्या आकड्यांपेक्षा प्रत्यक्ष रस्त्यावर अधिक स्पष्टपणे दिसते. कोलंबियाची राजधानी बोगोता येथील एका सायकलमार्गाची हकिगत या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे.

सुमारे 2,600 मीटर उंचीवर वसलेल्या या महानगराच्या नैऋत्येस बोसा आणि केनेडी हे विभाग आहेत. पोटापाण्यासाठी, तर कधी हिंसाचाराला कंटाळून आलेल्या कुटुंबांनी तेथे परवडेल त्या जागेवर घरे बांधली. वस्ती वाढली, पण सुविधा मागेच राहिल्या. अनेक गल्ल्यांत पाऊस पडला की चिखल होत असे.

1998 ते 2000 या काळात एन्रिके पेन्यालोसा शहराचे महापौर होते. जपानी तज्ज्ञांच्या अभ्यासात मोटारींसाठी खर्चिक उन्नत मार्गांची शिफारस झालेली होती. पेन्यालोसा यांनी ती बाजूस ठेवली. शहरातील बहुसंख्य कुटुंबांकडे मोटार नव्हतीच. मग मोठी गुंतवणूक थोड्यांच्या सोयीसाठी का करावी, असा त्यांचा सवाल होता. तो पैसा बससेवा, शाळा, ग्रंथालये, उद्याने आणि पदपथ यांकडे वळला.

याच धोरणातून नैऋत्येकडील वस्त्यांमध्ये ‘आलामेदा एल पोर्वेनिर’ हा 15 किलोमीटरहून अधिक लांबीचा मार्ग साकारला. आलामेदा म्हणजे वृक्षांच्या रांगांमधील वाट आणि पोर्वेनिर म्हणजे भविष्यकाळ. येथे नेहमीचा क्रम उलटा झाला. पादचारी व सायकलस्वार यांची फरसबंद वाट आधी झाली. शेजारची मोटारींची पट्टी काही ठिकाणी मातीचीच राहिली. तीस डॉलरच्या सायकलीवरील नागरिक तीस हजार डॉलरच्या मोटारीतील नागरिकाइतकाच महत्त्वाचा आहे, असे पेन्यालोसा वारंवार सांगत. त्याचा अर्थ या वाटेवर डोळ्यांना दिसत होता. मजुराच्या घरात रोजचे जाता-येताचे बसभाडे वाचले, तर ती रक्कम थेट किराण्याला आणि मुलांच्या शिक्षणाला उपयोगी पडते.

विरोधही तीव्र झाला. पदपथांवर मोटारी उभ्या करण्यास बंदी घालून खांब रोवले गेले, तेव्हा गिऱ्हाईक तुटेल या भीतीने दुकानदार संतापले. महापौरांना पदावरून दूर करण्याची मोहीमही निघाली. परंतु त्यांनी कार्यकाल पूर्ण केला. पुढे शहरातील सायकलमार्गांचे जाळे वाढत गेले आणि आज ते 500 किलोमीटरहून अधिक आहे.

या जमाखर्चात नावेची बाजूही आहे. सायकलचोरी ही तेथे गंभीर समस्या आहे. चौकांत वाट तुटणे आणि रात्री अपुरा उजेड असणे याही तक्रारी आहेत. मालमत्ता उभारली की तिचा घसारा सुरू होतोच. देखभाल, दिवे आणि सुरक्षा यांची वार्षिक तरतूद नसेल, तर उत्तम योजनाही अल्पावधीत निरुपयोगी ठरते, आणि त्याची झळ प्रथम गरिबालाच लागते.

व्यापारी बांधवांसाठी यात एक व्यावहारिक सूचना आहे. आपल्या पेठेत पदपथ किंवा सायकलमार्गाचा प्रस्ताव आला, तर हरकत नोंदविण्यापूर्वी आठवडाभर दुकानात एक वही ठेवावी. कोणते गिऱ्हाईक पायी आले, कोणते सायकलीने, कोणते बसने आणि कोणते मोटारीने, हे तीत लिहावे. दुकानासमोर दिवसभर उभी असलेली मोटार गिऱ्हाइकाची आहे की आपलीच, याचीही नोंद करावी. त्यानंतर घेतलेला निर्णय, अनुकूल असो वा प्रतिकूल, भीतीवर नव्हे तर हिशेबावर आधारलेला असेल.