सुगंधी तेलाचा हिशेब

करजणच्या काळ्या जमिनीत कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात एखाद्या तुकड्यात सुगंधी गवत लावावे असा विचार आला, तर त्याने एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. या पिकाचे नफा-नुकसान शेतात ठरते, तितकेच ते कापणी आणि भट्टी यांच्या मधल्या काळातही ठरते.

याचा धडा घेण्यास फार दूर जावयास नको. करजणच्या आग्नेयेस नर्मदा ओलांडून सातपुड्याच्या रांगा पार केल्या की खानदेश लागतो. तेथील रोशा गवताचे तेल १९ व्या शतकात मुंबई बंदरातून परदेशी जात असे. तुर्कस्तानात ते गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरीत. याच तेलातून १८७१ साली याकोबसेन या रसायनशास्त्रज्ञाने जिरॅनिऑल हे द्रव्य वेगळे केले. तेलाचा गुलाबासारखा वास मुख्यतः या द्रव्याचा होय.

जिरॅनिऑल सुमारे २३० अंशांना उकळते. मग पाण्याच्या वाफेबरोबर ते बाहेर कसे पडते? तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. त्यामुळे तापविल्यावर दोहोंच्या वाफा आपापला दाब स्वतंत्रपणे देतात. या दाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की दोन्ही एकदम उकळतात, आणि तेही १०० अंशांच्या किंचित खालीच. वाफ थंड केली म्हणजे तेल पाण्यावर तरंगते.

जुन्या भट्टीत गवत पाण्यातच बुडवून खाली जाळ करीत. पाणी आटले की तळचे गवत करपे आणि तेलास जळका वास लागे. शिवाय फार वेळ उकळल्याने तेलातील एस्टर या नाजूक द्रव्यांचे विघटन होते. यास्तव गवत जाळीवर ठेवून त्यातून बाहेरची वाफ सोडणे हिताचे.

वाळवणीचा हिशेब मात्र फसवा आहे. समजा, १०० किलो ओल्या गवतात ५०० ग्रॅम तेल आहे, म्हणजे अर्धा टक्का. ते वाळून ५० किलो झाले आणि तेल ४५० ग्रॅम उरले, तर प्रमाण ०.९ टक्के दिसेल. टक्का वाढला, पण ५० ग्रॅम तेल हवेत गेले!

म्हणून वाळवूच नये, असे नव्हे. सावलीत थोडे सुकविलेले गवत भट्टीत अधिक मावते आणि सरपण वाचते. कडक उन्हात तेल उडते. ओल्या ढिगात गवत आतून तापून कुजते. रोशाचे तेल पानांच्या आतील पेशींत असते, म्हणून ते काहीसे तग धरते. तुळस आणि पुदिना यांचे तेल पानांच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींत असते. तेथे निष्काळजी हाताळणीही नडते.

तेव्हा शेतकऱ्याने टक्क्यावर भुलू नये. एका विघ्यातून हाती किती तेल आले आणि त्यासाठी किती सरपण जळले, हाच खरा हिशेब.