रिमोटच्या गाडीची पहिली शर्यत : ऐकीव काय, खरं काय

सोसायटीच्या पार्किंगमध्ये ज्याची रिमोटची गाडी जोरात पळते, त्याला कधी ना कधी कुणीतरी म्हणतंच, "अरे, शर्यतीत उतर की!" मग तो चौकशी करू लागतो आणि चार तोंडांनी चार गोष्टी ऐकतो. त्यातल्या बऱ्याच अर्धवट, काही साफ चुकीच्या. इथे विचार केला आहे तो एक-दशांश मापाच्या, बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांच्या क्लब पातळीवरच्या शर्यतींचा. नवखा माणूस बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात करतो. नायट्रो इंधनाच्या गाड्यांचं तंत्र निराळं, त्यात शिरत नाही.

"हा पोरांचा खेळ आहे."

पोरं खेळतातच, पण खेळ पोरकट नाही. शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ची रिमोटवर चालणारी प्रतिकृती काढली आणि हा छंद जगभर पसरायला लागला. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मारला एक-दशांश इलेक्ट्रिक ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा भरली. या स्पर्धा 'इफमार' या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या असतात आणि जपानच्या मासामी हिरोसाका यांच्या नावावर अशी १४ जागतिक विजेतेपदं आहेत.

"ज्याची गाडी वेगवान, तो जिंकतो."

सगळ्यात चिवट गैरसमज हाच, म्हणून जरा आकडेमोड करू. बहुतेक हीट पाच मिनिटांच्या असतात. वेळ संपली तरी सुरू असलेला लॅप पूर्ण करायचा असतो. निकाल लागतो तो लॅप किती झाले आणि ते किती वेळात झाले यावर.

समजा एकजण २० सेकंदांत लॅप मारतो, पण चार वेळा कठड्यावर आदळून उलटतो. मार्शल येऊन गाडी सरळ करेपर्यंत दर वेळी सात सेकंद गेले, तर २८ सेकंद पाण्यात. त्याचे १४ लॅप ३०८ सेकंदांत होतात. दुसरा सावकाश, साडेएकवीस सेकंदांत लॅप मारतो, पण एकदाही आदळत नाही. त्याचे १४ लॅप होतात ३०१ सेकंदांत. जिंकला दुसरा, तोही सात सेकंदांनी. शिवाय पहिल्याची गाडी शाबूत राहिली असं आपण गृहीत धरलंय. प्रत्यक्षात चार टकरांत पुढचा सस्पेन्शन आर्म किंवा सर्व्होचे दाते हमखास जातात आणि उरलेली हीट कठड्याबाहेर उभं राहून बघावी लागते.

म्हणून पहिल्या शर्यतीत रिमोटवरचा थ्रॉटल कमी करून ठेवायला लाजू नये. बऱ्याच रिमोटमध्ये ती सोय असते. दुर्दैवाने तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

"पात्रता फेरीत पुढच्या गाडीला गाठायचं."

नाही. पात्रता फेरीत गाड्या साधारणपणे एकेक करून सोडतात आणि प्रत्येकाचं घड्याळ त्याची गाडी रेषा ओलांडते तेव्हा सुरू होतं. गाडीत ट्रान्सपाँडर नावाची छोटी डबी असते. ट्रॅकखाली पुरलेल्या तारेवरून गाडी गेली की ती डबी संगणकाला खूण देते. त्यामुळे तुमच्या पुढे कोण आहे याला इथे काडीचं महत्त्व नाही. स्पर्धा घड्याळाशी असते. मागून वेगवान गाडी आली, तर वळणाबाहेरून तिला वाट द्यावी. त्यात तुमचा अर्धा सेकंद जाईल. न दिल्यास दोघांचे दहा जातील, वर निवेदक माईकवरून तुमचं नाव घेईल ते वेगळंच.

या वेळांवरून अंतिम फेऱ्यांचे गट पडतात : ए, मग बी, मग सी. तुमच्याच तोडीचे लोक तुमच्या गटात येतात. नवखा माणूस चॅम्पियनच्या समोर फेकला जातो ही भीती त्यामुळे फोल ठरते.

"घरी येते चालवता, मग ट्रॅकवर काय अवघड?"

घरी आपण गाडीच्या मागेमागे चालतो. शर्यतीत सगळे चालक एका उंच मचाणावर ओळीने उभे राहतात आणि तिथून हलायचं नसतं. गाडी दूर जाते तेव्हा सगळं ठीक. समोरून आपल्याकडे यायला लागली की उजवं-डावं उलटं होतं. रिमोटचं चाक उजवीकडे फिरवलं की गाडी आपल्या डाव्या हाताला वळते. नेमक्या याच क्षणी हात गोंधळतो आणि गाडी कठड्यावर जाते. मनाने गाडीत बसून चालवायचं, हा जुन्या चालकांचा सल्ला ऐकायला भोळसट वाटतो, पण लागू पडतो. गच्चीवर दोन बादल्या ठेवून, एका जागी उभं राहून, गाडीने आठचा आकडा काढायचा सराव करावा. दोन्ही बाजूंची वळणं आणि समोरून येणं, तिन्ही त्यात आलं.

"महागडी मोटर टाका, काम होईल."

काम होईल, ते तुम्हाला बाद करायचं. 'स्टॉक' गटात मोटर ठरलेली असते, उदाहरणार्थ १७.५ टर्नची ब्रशलेस. टर्न म्हणजे मोटरमधल्या तारेचे वेढे. वेढे जितके कमी, तितकी मोटर जोरात फिरते. म्हणजे २१.५ची मोटर १३.५पेक्षा मंद असते. आकडा मोठा म्हणून ती घेणारे भाबडे दरवर्षी भेटतात. गाडीतल्या स्पीड कंट्रोलरने टायमिंग वाढवून मोटरला छुपा जोर देऊ नये, यासाठीही पुष्कळ ठिकाणी बंदी आहे. टायमिंग शून्यावर असलं की कंट्रोलरवरचा दिवा लुकलुकतो. तपासनीस गाडीची बॉडी उचलून आधी तो दिवा बघतो.

पैसे घालायचेच असतील तर टायरमध्ये घाला. डांबर, कार्पेट आणि माती, तिन्हींना वेगळं रबर लागतं. त्या ट्रॅकवर काय चालतं हे शेजारच्या टेबलावर विचारलं, तर लोक न मागताही सांगतात.

"दहा रिमोट एकदम चालू झाले तर गाड्या एकमेकींचं ऐकतील."

पूर्वी खरंच ऐकायच्या. २७ मेगाहर्ट्झच्या जमान्यात प्रत्येकाचा क्रिस्टल वेगळा लागायचा. आजचे २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आपापल्या रिसीव्हरशी जोडलेले असतात. भारतात हा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे. विषय संपला.

"लिपो बॅटरी म्हणजे बॉम्ब."

भीती रास्त, पण चुकीच्या जागी. गाडीत धावताना ती क्वचितच पेटते. धोका असतो चार्जिंगला आणि टकरीत दबलेल्या किंवा फुगलेल्या बॅटरीचा. दोन सेलची बॅटरी ७.४ व्होल्टची, पूर्ण भरल्यावर ८.४ची. एका सेलला ४.२च्या वर नेऊ नये आणि ३च्या खाली उतरू देऊ नये. चार्जर लिपोच्या बॅलन्स मोडवरच हवा, निकेल बॅटरीच्या मोडवर लावलात तर खेळ खलास. ५००० एमएएचला पाच अँपिअर लावा, तासाभरात भरते. चार्जिंग अग्निरोधक पिशवीत करा आणि टेबल सोडून चहाला जाऊ नका. निकेल बॅटरीवरून लिपोवर येत असाल, तर कंट्रोलरमध्ये लिपोचा कटऑफ आधी चालू करा. भरलेली बॅटरी पुढच्या शर्यतीपर्यंत तशीच कपाटात ठेवणं, हा तिला मारायचा सगळ्यात सोपा मार्ग. सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा.

परगावी विमानाने जाताना सुट्या बॅटऱ्या टोकं झाकून हातातल्या बॅगेत ठेवायच्या, चेक-इनमध्ये नाही. अशी एक बॅटरी ३७ वॉट-तासांची भरते, नेहमीची मर्यादा १०० आहे.

"आपली हीट संपली, आपण मोकळे."

इथे नवखे हमखास फसतात. एका हीटचे चालक पुढच्या हीटला मार्शल असतात. ट्रॅकच्या ठरलेल्या वळणावर उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. बऱ्याच क्लबांत दांडी मारली तर तुमची सगळ्यात चांगली फेरी रद्द होते. पायात बंद बूट हवेत. आधी येणाऱ्या गाड्या बघायच्या, मगच पाऊल टाकायचं. गाडी चाकांवर, योग्य दिशेला तोंड करून ठेवायची आणि मागे सरायचं. तुटलेली गाडी तिथे दुरुस्त करायची नाही, बाजूला काढायची. मित्राची गाडी आधी उचलायची नाही, जी आधी उलटली ती आधी. आणि मचाणावरून कुणी "मार्शल!" म्हणून ओरडला, तरी उलट उत्तर द्यायचं नाही. पुढच्या हीटला ओरडणारे तुम्ही असाल.

नाव नोंदवतानाच 'पहिलीच वेळ आहे' असं सांगून टाका. ट्रान्सपाँडर भाड्याने मिळतो का तेही तिथेच विचारा, आणि गाडीची तपासणी शर्यतीच्या सकाळी नव्हे, आदल्या सरावाच्या दिवशी करून घ्या.