वसईचा संत, नान्सीचा ताम्रपट

भिवंडीची कामवारी नदी ज्या खाडीला मिळते, तिच्या मुखाशी वसईचा किल्ला आहे. गोन्सालो गार्सिया इथलाच. बाप पोर्तुगीज, आई वसईची. जपानमध्ये आधी जेझुइट मिशनऱ्यांचा मदतनीस, मग व्यापारी, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघाचा बंधू झाला आणि दुभाष्या म्हणून पुन्हा जपानला गेला. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी मारलं, त्यांत तो होता.

१६२७ मध्ये पोप आठव्या अर्बनच्या काळात त्याला ‘धन्य’ पद, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, मिळालं. त्याच सुमारास लोरेनमधल्या नान्सीचा चित्रकार झाक कालो याने नागासाकीचा प्रसंग पोस्टकार्डाहून जेमतेम मोठ्या तांब्याच्या पत्र्यावर उतरवला. पत्र्याला वार्निश लावायचं, त्यावर सुईने रेघा ओढायच्या, मग आम्ल सोडायचं. आम्ल उघड्या रेघांपुरतंच तांबं खातं. खाचांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओलसर कागदासह पत्रा रुळांतून काढायचा. एकाच पत्र्याचे शेकडो ठसे निघत. चर्चमधलं तैलचित्र जागचं हलत नसे; हा कागद मात्र प्रार्थनेच्या पुस्तकात घालून कुठेही नेता येई.

ट्रेन्टच्या कॅथलिक धर्मपरिषदेने १५६३ मध्ये संतांच्या चित्रांची बाजू घेतली होती, पण लगामही होता. ‘धन्य’ न ठरलेल्याच्या डोक्यामागे प्रभावलय काढायला १६२५ मध्ये अर्बननेच बंदी घातली. म्हणजे असं चित्र निव्वळ भक्तीचं नव्हतं, ती रोमच्या निकालाची दवंडीही होती.

आणि दवंडी पिटणाराही ठरलेला असे. कालोच्या चित्रात क्रूस २३ आहेत. उरलेले तिघे जेझुइट. हे चित्र फ्रान्सिस्कनांच्या हुतात्म्यांचं, म्हणून ते त्यात नाहीत. जेझुइटांनी आपल्या तिघांची वेगळी चित्रं काढवली. मरण एकाच टेकडीवर, पण कागद ज्याचे त्याचे! मला या चित्रातली सगळ्यांत बोलकी गोष्ट हीच वाटते.

यांतला गोन्सालो कोणता, हे चेहऱ्यावरून सांगता येत नाही. कालोने ना त्याला पाहिलं होतं, ना जपान. पाहणाऱ्यालाही नाकडोळे नको होते. क्रूस, भाला आणि वरून उतरणारे देवदूत पुरेसे होते.

१८६२ मध्ये पोप नवव्या पायसने या २६ही जणांना एकत्र संतपद दिलं. गोन्सालो आज वसई धर्मप्रांताचा आश्रयदाता संत आहे.