रजेवर जाताना मेलचा चार्ज

गणपती-दिवाळीच्या आठवड्यात एखाद्या कंपनीत कामाचा मेल पाठवावा, तर पुष्कळदा क्षणात उत्तर येते : ‘मी अमुक तारखेपर्यंत रजेवर आहे. या काळात मेल पाहणे शक्य होईलच असे नाही. परतल्यावर उत्तर देईन.’ वाक्ये सभ्य असतात, पण पाठवणाऱ्याच्या हाती त्यांतून काही पडत नाही. त्याला बिल मंजूर करून हवे असते, ड्रॉइंगवर सही हवी असते, टेंडरची मुदत संपायच्या आत एका शंकेचा खुलासा हवा असतो. समोरचा माणूस जागेवर नाही, एवढे कळून त्याचे काम तसूभरही पुढे सरकत नाही. माझे म्हणणे असे की ऑटो-रिप्लायला आपण गैरहजेरीची पाटी समजतो आणि इथेच सगळे बिघडते. खरे तर तो चार्ज देण्याचा कागद आहे. सरकारी कार्यालयात अधिकारी लांबच्या रजेवर निघाला की कार्यभार कुणी सोडला, कुणी घेतला, कोणत्या तारखेला, दुपारपूर्वी की दुपारनंतर, हे लेखी होते आणि त्यावर दोघांच्या सह्या होतात. या पद्धतीला कुणी कितीही नावे ठेवली तरी टेबल रिकामे असताना काम कुणाकडे आहे, हे कागदावर तरी स्पष्ट असते. मेलबॉक्स सोडून जाताना निदान एवढे तरी व्हायला हवे.

ऑटो-रिप्लायची सोय ज्यांनी घडवली त्यांनी पाठवणाऱ्याचा विचार बराच केला आहे, हे तिची खिडकी नीट पाहिली की लक्षात येते. विंडोजवरच्या जुन्या आउटलुकमध्ये ‘फाइल’ खाली ‘ऑटोमॅटिक रिप्लाइज’ उघडले की आधी सुरू-बंदचा पर्याय दिसतो, मग कधीपासून कधीपर्यंत याच्या तारखा आणि वेळा, आणि त्याखाली दोन टॅब : एक संस्थेतल्या माणसांसाठी, दुसरा बाहेरच्यांसाठी. दुसऱ्या टॅबमध्ये आणखी एक निवड असते, फक्त आपल्या कॉन्टॅक्ट्समधल्यांना उत्तर जावे की सगळ्यांना. खाली कोपऱ्यात ‘रूल्स’चे बटण आहे. त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही, पण रजेच्या काळापुरते ठराविक मेल सहकाऱ्याकडे वळवायची सोय तिथेच आहे. दोन टॅब असल्यावर मजकूरही दोन हवेत, तरी बहुतेक जण एकात लिहिलेले दुसऱ्यात जसेच्या तसे चिकटवतात. आतल्या माणसाला कोणती फाइल कुणाकडे, एक्स्टेंशन कोणते, कोणता निर्णय थांबणार आणि कोणता चालू राहणार, हे सगळे हवे असते. शिवाय मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज हा मेल सर्व्हर असलेल्या कार्यालयात सहकाऱ्याने पत्त्याच्या रकान्यात नाव घातले की मेल पाठवण्याआधीच हा मजकूर त्याला वर दिसतो. एक्स्चेंज 2010 पासून ही सोय आहे. म्हणजे आतल्या टॅबमधला मजकूर नीट असेल, तर मेल लिहिण्याआधीच सहकारी योग्य माणसाकडे वळेल. ऑटो-रिप्लायचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही.

या यंत्रणेचा दुसरा गुण तिच्या गप्प राहण्यात आहे, आणि माझ्या मुद्द्याचा खरा आधारही तोच आहे. सेंडमेल या मेल पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅमचे कर्ते एरिक ऑलमन यांनी 1980च्या दशकात युनिक्ससाठी ‘व्हेकेशन’ नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. एका माणसाला एकदा उत्तर गेले की आठवडाभर पुन्हा पाठवायचे नाही, ही त्याची मूळ रीत. आजचे एक्स्चेंज एका रजेत एका पाठवणाऱ्याला एकदाच उत्तर देते. सोय बंद करून पुन्हा चालू केली तरच यादी नव्याने सुरू होते. जीमेल त्याच माणसाला साधारण चार दिवसांनी पुन्हा उत्तर पाठवते, तेही त्याने पुन्हा मेल केला तर. ऑगस्ट 2004 मध्ये कीथ मूर यांनी लिहिलेल्या आरएफसी 3834 या दस्तऐवजात हे संकेत एकत्र मांडले आहेत : आपोआप निघालेल्या मेलवर तशी खूण असावी, अशी खूण असलेल्या मेलला उलट उत्तर देऊ नये, मेलिंग लिस्टवर उत्तरे टाकू नयेत. नाहीतर दोन्ही टोकांना रजेवर गेलेली माणसे असली की दोन यंत्रे एकमेकांना रात्रभर उत्तरे देत बसतील. एका माणसाला एकच उत्तर जाणार असेल, तर तुमच्या हातात बोलण्याची संधीही एकच उरते. पहिल्या उत्तरात पर्यायी माणसाचे नाव राहून गेले की राहूनच गेले. पाठवणाऱ्याने नंतर कितीही आठवण करून दिली तरी यंत्र गप्प. ‘सोमवारी येईन’ असे लिहिले तर कोणता सोमवार, हे विचारायचीही सोय नाही. म्हणून तारीख पूर्ण लिहावी, आणि ती परतण्याची नव्हे, तर उत्तरे द्यायला खरोखर सुरुवात होईल ती असावी. जीमेलमध्ये शेवटची तारीख घालणे ऐच्छिक आहे. ती राहिली की माणूस रुजू झाल्यावरही यंत्र त्याला रजेवरच दाखवत राहते, आणि मग पुढच्या खऱ्या रजेतल्या उत्तरावर कुणी विश्वास ठेवत नाही.

असे उत्तर कुणाच्या हाती पडेल, हे आधी सांगता येत नाही. वेल्समधल्या स्वॉन्झी इथे 2008 मध्ये जड वाहनांना बंदी करणारा फलक इंग्रजी आणि वेल्श अशा दोन भाषांत लावायचा होता. नगर परिषदेने मजकूर भाषांतरासाठी मेल केला, ताबडतोब वेल्शमध्ये उत्तर आले आणि ते जसेच्या तसे फलकावर रंगवले गेले. ‘मी सध्या कार्यालयात नाही, भाषांतराचे काम पाठवून ठेवा’ असा त्याचा अर्थ होता. ज्यांनी ते छापायला दिले त्यांना वेल्श येत नव्हती. उत्तर दोन्ही भाषांत असते, तर फलक चुकला नसता. आपल्याकडे मराठीत अर्ज करणाऱ्या नागरिकाला महापालिकेच्या किंवा बँकेच्या मेलवरून नुसते इंग्रजी ऑटो-रिप्लाय जाते, तेव्हा वेगळे काय होते? आधी मराठीत तीन ओळी आणि खाली इंग्रजीत तीन ओळी, एवढ्याने हे भागते.

छोट्या कार्यालयांची अडचण निराळीच. सीएचे ऑफिस, छापखाना, पतसंस्था यांचा मेल बऱ्याचदा एक्स्चेंजवर नसतो. होस्टिंगवाल्याकडून मिळालेले आयमॅप खाते आउटलुकला जोडलेले असते. तिथे टेम्प्लेट आणि रूल वापरून ऑटो-रिप्लाय बसवता येते खरे, पण उत्तर देते ते त्या कॉम्प्युटरवरचे आउटलुक, सर्व्हर नव्हे. निघताना कॉम्प्युटर बंद केला की उत्तरेही बंद. अशा ठिकाणी होस्टिंगच्या पॅनेलमधला किंवा वेबमेलमधला ऑटोरिस्पॉन्डर वापरावा. सीपॅनेल नावाच्या पॅनेलमध्ये किती तासांनी पुन्हा उत्तर द्यायचे तेही ठरवता येते. तिथे शून्य ठेवले तर प्रत्येक मेलला उत्तर जाते, म्हणून तो आकडा मोठा असावा.

एवढे तपशीलवार उत्तर देण्यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा. नाव, तारखा, सहकाऱ्याचा नंबर असे सगळे बाहेर गेले तर फसवणूक करणाऱ्याला आयती माहिती मिळते. आक्षेप खरा आहे. साहेब परगावी आहेत हे कळल्यावर त्यांच्या नावाने लेखा विभागाला ‘तातडीने पैसे भरा’ असा मेल टाकणे सोपे जाते. पण त्यासाठी उत्तरच पोकळ करायचे कारण नाही. बाहेरच्या टॅबमध्ये रजेचे कारण आणि ठिकाण नको, व्यक्तीच्या मोबाइलऐवजी विभागाचा सामायिक पत्ता द्यावा, तपशील आतल्या टॅबमध्ये ठेवावा. चार्ज पदाचा असतो, तेव्हा पत्ताही पदाचाच दिलेला बरा. दुसरा आक्षेप असा की मोबाइल खिशात असताना एवढा खटाटोप कशाला, अधूनमधून मेल पाहिले की झाले. पण रजेवरच्या माणसाने एकाला उत्तर दिले आणि दुसऱ्याला दिले नाही, की ऑटो-रिप्लायने सांगितलेले खोटे पडते, आणि पर्यायी माणसाकडे जायचे सोडून सगळे पुन्हा त्यालाच गाठू लागतात.

दाइम्लर या मोटार कंपनीने 2014 मध्ये याच्या पार दुसऱ्या टोकाचा पर्याय जर्मनीतल्या सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांपुढे ठेवला. रजेत आलेला मेल आपोआप पुसला जातो, तसे पाठवणाऱ्याला कळवले जाते, आणि तातडीचे असेल तर कुणाला लिहावे तेही सांगितले जाते. ग्राहकाचा मेल पुसणे उद्धटपणाचे आहे, असे अनेकांना वाटेल. आपल्याकडच्या बहुतेक कार्यालयांत ते चालणारही नाही. पत्रव्यवहाराची नोंद ठेवणे जिथे बंधनकारक आहे तिथे तर मुळीच नाही. तरी त्यातला एक भाग घेण्याजोगा आहे : तुमच्या मेलचे पुढे काय होणार, हे तिथे स्पष्ट सांगितले जाते. ‘परतल्यावर उत्तर देईन’ या आश्वासनात दोन आठवड्यांचे शेकडो मेल एका सकाळी निपटायचे ओझे दडलेले असते आणि त्यातले अनेक निसटतात. ‘हा मेल मी 12 तारखेनंतर पाहीन; त्याआधी निर्णय हवा असेल तर खालच्या पत्त्यावर पुन्हा पाठवा’ असे लिहिले की जबाबदारी कुठे थांबते आणि कुठे सुरू होते, ते दोघांनाही कळते.

उरतो तो सहकाऱ्यावर पडणाऱ्या भाराचा प्रश्न, आणि तो सगळ्यांत रास्त आहे. न विचारता कुणाचे नाव उत्तरात घातले, तर त्याच्याकडे मेल येत राहतात आणि त्याच्यापाशी ना फाइल असते ना सहीचा अधिकार. म्हणून मजकूर लिहिण्याच्या आदल्या दिवशी त्याला विचारावे, कोणती कामे अर्धवट आहेत ते एका पानावर लिहून द्यावे, सामायिक मेलबॉक्स आणि फोल्डर त्याला उघडतात की नाही ते त्याच्याच कॉम्प्युटरवर पाहून घ्यावे, आणि किती रकमेपर्यंत तो मंजुरी देऊ शकतो हे वरिष्ठांकडून मेलवर घ्यावे. हे झाल्यावर बाहेरच्या एखाद्या खात्यावरून स्वतःला एक मेल टाकावा आणि उलट आलेले उत्तर परक्याच्या नजरेने वाचावे.