ट्रॉलीच्या चाकाचे वंगण



बैलगाडीच्या दिवसांत वंगणाची नळी गाडीखाली लोंबकळत असे. लांबच्या वाटेला निघायचे तर गडी आधी चाकाची खीळ काढी, चाक थोडे बाहेर ओढी, आंसाला काळे वंगण फाशी आणि मगच बैल जुंपी. विसरला, तर चाकच आठवण करून देई. त्याची कुरकूर दूरच्या शेतात ऐकू जाई. 'चाक बोलस भो, ऐकाले शिक,' असे आमच्याकडची म्हातारी माणसे म्हणत.

आता ट्रॅक्टरमागे ट्रॉली आली. गाडीच्या कितीतरी पट ओझे ती वाहते, आणि तेही वेगाने. पण तिचा आंस हबमध्ये झाकलेला, वर लोखंडी टोपी, आणि पुढे इंजिनाचा धडधडाट. चाक बोलले तरी ऐकायचे कुणी? नळी गेली, तशी वंगण पाहण्याची सवयही गेली.

याची किंमत काय पडते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. पारोळ्यावरून धुळे–जळगाव महामार्ग जातो. त्या रस्त्यावर कापसाने भरलेली एक ट्रॉली संध्याकाळच्या वेळी एकदम डावीकडे कलली. चाक हबासकट निसटून बाजूच्या चारीत गेले. कापसावर तीन मजूर बसले होते. मालट्रॉलीवर माणसे बसवणे मुळातच बेकायदा, पण ती बसतात हे आपण सगळे जाणतो. तिघेही वाचले. चाक उजवीकडचे असते आणि समोरून गाडी येत असती, तर काय झाले असते कोण जाणे. मालक म्हणाला, 'ओझं जास्त झालं.' हब उघडला तेव्हा आत तांबूस गंजाचा चिखल निघाला. ओझ्याने भर घातली असेल, पण मुळात बेअरिंग खाल्ले होते पाण्याने.

हे पाणी आत शिरते कसे? त्यासाठी आधी बेअरिंग काय असते ते पाहू. सायकलच्या चाकातल्या गोळ्या सर्वांनी पाहिल्या आहेत. गोळी एका बिंदूवर टेकते. ट्रॉलीचे ओझे मोठे, म्हणून तिथे बहुधा गोळ्यांऐवजी रोलर असतात. ते लांबीभर टेकतात, आणि एका टोकाला किंचित निमुळते असतात. अमेरिकेतील हेन्री टिमकेन या घोडागाड्या बनवणाऱ्या गृहस्थाने १८९८ साली अशा निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. गाडी वळताना चाकाला बाजूने जो रेटा बसतो, तोही हे बेअरिंग सोसते. प्रत्येक हबमध्ये अशी दोन असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. रोलरचा गाभा आंसावर बसतो आणि तो ज्यात फिरतो ती पोलादी वाटी हबमध्ये ठोकलेली असते. मागच्या बाजूला रबरी ऑइल सील असते. ते ग्रीस आत ठेवते आणि धूळ-पाणी बाहेर.

आता पाण्याकडे येऊ. उन्हाळ्यात तामसवाडीच्या बोरी धरणातला किंवा गावतळ्यातला गाळ आपण शेतात टाकतो. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ साली निघाल्यापासून गाळाच्या खेपांचे महत्त्व सर्वांना पटले आहे. दिवसभर खेपा करून हब तापतो. त्यातली हवा फुगते आणि थोडी बाहेर निसटते. संध्याकाळी आपण ट्रॉली धुवायला सरळ पाण्यात घालतो. हब झटकन थंड होतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी ओढून घेते. होडी वाहणाऱ्या ट्रेलरची हीच गत होते. रस्त्यावर तापलेली चाके होडी उतरवताना थेट पाण्यात जातात, म्हणून त्यांची बेअरिंगे फार जपावी लागतात.

शिक्षक मित्रांनो, हे वर्गात सहज दाखवता येईल. काचेची बाटली कोमट पाण्याने तापवा, पाणी ओतून द्या आणि बाटली लगेच थंड पाण्याच्या ताटलीत उपडी धरा. पाणी आपोआप बाटलीत चढेल. मग मुलांना विचारा, 'बाटलीच्या जागी चाकाचा हब असता तर?' ते उत्तर मुले घरी वडिलांना सांगतील.

आता प्रत्यक्ष काम. ट्रॉली रिकामी करून सपाट, कठीण जागी उभी करा. ट्रॅक्टर जोडलेलाच ठेवून त्याचा ब्रेक लावा. दुसऱ्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करा, मग आंसाखाली जॅक लावून चाक उचला. उचलल्यावर आंसाखाली भक्कम लाकडी ठोकळा द्याच. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही हात घालू नये.

चाक काढा. टोपी उचका, कॉटर पिन सरळ करून ओढा, नट व वायसर काढा. बाहेरचे बेअरिंग हातात येईल. मग हब ओढून घ्या, मागचे सील उचका, आतले बेअरिंग निघेल. काढलेले भाग स्वच्छ फडक्यावर त्याच क्रमाने मांडा. सारे डिझेलमध्ये धुऊन कोरडे पुसा. पेट्रोल वापरू नका, ते क्षणात पेट घेते. हवेच्या झोताने बेअरिंग गरागरा फिरवण्याचा खेळही नको. कोरडे बेअरिंग वेगात फुटून तुकडे उडतात.

मग उजेडात नीट पाहा. रोलर निळसर पडले असतील, तर ते जळाले. खड्डे, गंजाचे डाग किंवा वाटीत चरे दिसले, तर बदला. बदलताना रोलर आणि वाटी दोन्ही नवीन घ्या. जुन्या वाटीत नवे रोलर म्हणजे जुन्या जखमेवर नवे फडके. जुन्या बेअरिंगवरचा नंबर दुकानदाराला दाखवा आणि पक्की पावती मागा, कारण नकली माल पुष्कळ मिळतो. जुनी वाटी मऊ लोखंडी दांड्याने आलटून-पालटून दोन्ही बाजूंनी ठोकून काढा. नवी वाटी सरळ बसवा. ती बुडाला टेकली की हातोडीचा आवाज बदलून खणखणीत होतो. दोन्ही बेअरिंगांची निमुळती बाजू एकमेकांकडे, म्हणजे हबच्या मध्याकडे यायला हवी.

आता ग्रीस. ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेले तेल. चुन्याच्या साबणाचे साधे ग्रीस पाण्याला टिकते, पण शंभर अंशांच्या आसपास वितळते. सोड्याचे ग्रीस पाण्यात विरघळते. लिथियमचे ग्रीस उष्णता आणि ओल दोन्ही बऱ्यापैकी सोसते, म्हणून चाकाला तेच बरे. दोन जातींची ग्रिसे मिसळू नका. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहा, समोरच्या कडेने ग्रीस डोकावेपर्यंत. असे सभोवार भरा. हबची पोकळी मात्र गच्च भरू नका, तिसरा हिस्सा ते निम्मी पुरे. जास्त ग्रीस घुसळून उलट तापते. सील दर वेळी नवेच घाला, त्याची ओठाची कड आत ठेवा आणि तिला ग्रीस लावा.

शेवटी नट. इथे बहुतेकांचा हात चुकतो. 'घट्ट म्हणजे पक्के' हा हिशोब इथे चालत नाही. चाक हाताने फिरवत नट आवळा, म्हणजे रोलर जागी बसतील. मग नट पूर्ण सैल करा आणि नुसत्या बोटांनी टेकवा. भोक जुळले नाही, तर नट थोडा मागे घ्या, पुढे आवळू नका. नवी कॉटर पिन घालून तिचे पाय वाकवा आणि टोपी बसवा. चाक मोकळे फिरावे, हलवल्यास अगदी जाणवेल न जाणवेल इतकीच ढील असावी. चार-पाच किलोमीटर चालवून थांबा, चाकाचे नट पुन्हा आवळा आणि हबाजवळ हाताची पालथी बाजू न्या. कोमट लागला तर ठीक. चटका बसेलसा वाटला, किंवा एक हब दुसऱ्यापेक्षा फार गरम लागला, तर पुन्हा उघडा.

हे केव्हा करायचे? पोळ्याला आपण बैलांची खांदेमळणी करतो. त्याच दिवसांत, कापसाच्या खेपा सुरू होण्याआधी, ट्रॉलीचे हब उघडून ग्रीस बदलावे. अखाजीला, गाळाचे काम निघण्याआधी, चाक उचलून नुसते हलवून आणि फिरवून पाहावे. घरघर लागली, तर उघडावे. हब पाण्यात बुडालाच, तर पोळ्याची वाट पाहू नये. आणि धुण्याआधी ट्रॉली तासभर सावलीत निवू द्यावी. याला तर पैसाही लागत नाही.

दोन बेअरिंगे, एक सील आणि मूठभर ग्रीस, एवढ्याने एक चाक नीट होते. चाक अजूनही बोलते, बंधूंनो. त्याचे ऐकायला आता कानाच्या जोडीला हातही लावावा लागतो, इतकेच.